धाकटीचा खो

माझ्या धाकट्या बहिणीला तिसऱ्या वर्षी मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. जे दोन-चार शब्द ती बोलायला लागली होती, तेही हळूहळू बंद झाले.

आमचं घर मूळचं मेंढपाळाचं. आजोबांनी परतूर तालुक्यात जमीन केली, आबा कापूस लावू लागले, तरी थोडी मेंढरं दारात होतीच. चुकार मेंढरू वळवायला आम्ही तोंडाने आवाज काढायचो. तिला तो काढता यायचा नाही, म्हणून ती पळायची. बांधावरून, ढेकळांतून, अनवाणी. मेंढराच्या पुढे जाऊन उभी राहिली की मगच थांबायची.

बहिऱ्या मुलांची वसतिशाळा शहरात होती. माय तिला तिथे पाठवायला तयार नव्हती. "लेकरू नजरेआड, अन् त्याला दुखलं-खुपलं सांगता बी येत न्हाई," म्हणायची. मग धाकटी गावातल्याच शाळेत, माझ्याच वर्गात माझ्या शेजारी बसायची. फळ्यावरचं टिपून घ्यायची, अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. खेळाच्या तासाला मात्र तिला ओट्यावर बसवत. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. जिला शिट्टीच ऐकू येत नाही तिला खेळात काय घ्यायचं, असं सगळ्यांनाच वाटायचं. आम्हालाही.

मी सातवीत असताना खेळ शिकवायला एक नव्या बाई आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. पहिल्याच तासाला त्यांनी ओट्याकडे बोट केलं.

"ती का बसली? पाय दुखतो का तिचा?"

"न्हाई बाई, तिला ऐकू येत न्हाई," मी म्हणाले.

"मंग? पळायला कान लागतात का?"

बाईंनी तिला रांगेत उभं केलं. शिट्टी वाजली, आम्ही सुटलो. आम्हाला पळताना बघून मग ती सुटली, तरी तिसरी आली. दुसऱ्या खेपेला बाईंनी शिट्टी खिशात टाकली आणि हातात रुमाल धरला. रुमाल खाली पडला आणि धाकटी आमच्या पुढून अशी गेली की मला तिची फक्त वेणी दिसली. शेवटची रेघ ओलांडूनही ती थांबेना. थांबायचं कुठं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! पार कुंपणापर्यंत गेली आणि तिथून वळून आमच्याकडे बघत हसली.

त्याच आठवड्यात बाईंनी तिला खो-खोच्या संघात घेतलं. बोलण्यात पुढे म्हणून कर्णधार मी होते, खेळात बेताचीच. आबांना हे कळलं तेव्हा ते शाळेत आले. "मुक्या पोरीला पळवून काय करता बाई? लोक हसतील."

"पळते म्हणून पळवते, आबा. हसणाऱ्याला पळून दाखवू द्या," बाई म्हणाल्या. आबा टोपी सारखी करत परत गेले.

खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीवर मागून हात लागतो, त्यामुळे खो घ्यायला तिला काहीच अडचण नव्हती. उलट फायदाच. आम्ही पोरी शेजारणीला दिलेला खो ऐकून घाईत उठायचो आणि फाऊल व्हायचा. ती हात लागल्याशिवाय जागची हलत नसे, आणि हात लागला की बसलेली होती हे खरं वाटू नये इतक्या झटक्यात उठायची.

अडचण होती ती खो देण्याची. नुसता हात लावून चालत नाही, तोंडाने मोठ्याने म्हणावं लागतं. तो एक शब्द तिच्याकडे नव्हता.

बाईंनी घरून कापूस आणायला सांगितलं. सरकी काढलेला बोंडाएवढा पुंजका त्यांनी तळहातावर ठेवला, तोंडासमोर धरला आणि 'ख' म्हटलं. पुंजका उडाला. धाकटीने फुंकर मारली, तेव्हाही तो उडाला. बाईंनी मान हलवली. तिचा एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, दुसरा पोटावर, आणि पुन्हा म्हटलं. गळ्यातली थरथर तिच्या हाताला कळली तसे तिचे डोळे मोठे झाले. मग रोज शाळा सुटल्यावर, घरी चुलीपुढे, रानात मेंढरांमागे हेच चाललं. आधी नुसता वारा निघायचा. मग 'हो' निघू लागला. माय भाकरी थापता थापता आपला गळा पुढे करायची, म्हणजे लेकीला थरथर पुन्हा लागावी. दिवाळीच्या सुमारास एक जाडाभरडा, घशातून खरवडून आलेला आवाज निघाला. कुणीही ऐकलं तरी खोच वाटेल असा. मायच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

तालुक्याच्या स्पर्धा परतूरला होत्या. माय आणि आबा कापूस घालायला बाजारात आले होते, गाडी सोडून ते मैदानावर आले. आमचा पाठलाग सुरू झाला. धाकटीने पहिला खो दिला आणि पंचांनी शिट्टी फुंकली. ती तशीच चौकात बसली. मी हात वर केला तेव्हा शिट्टी झाल्याचं तिला कळलं.

"खो म्हटलेला नाही," पंच म्हणाले.

"म्हटलाय सर. तिला ऐकू येत न्हाई, तिचा खो असाच हाय."

समोरच्या संघाचे सर पुढे आले. "असला खो चालवला तर उद्या कुणी बी काय बी वरडंल!" बघ्यांतून हशा पिकला. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

पंच वयस्क होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि मला म्हणाले, "हिला म्हणावं, पुन्हा म्हण." मी खूण केली. धाकटीने हात गळ्यावर ठेवला, पोट आत ओढलं आणि सगळ्या मैदानाला जाईल असा खो दिला.

"ऐकू आला," पंच म्हणाले. "पण हात अन् खो एकाच वेळी पाहिजे. आधी हात, मागून खो, हे चालणार नाही. अन् मी शिट्टीबरोबर हात वर करीन, हे तिला सांग."

पुढे तिचा पाय मधल्या पाटीपलीकडे, बसलेल्या गड्यांच्या पट्ट्यापलीकडे गेला तेव्हा त्यांनी तिलाही बरोबर फाऊल दिला. आमचा एक फाऊल झाला आणि बाई टाळ्या वाजवत होत्या! मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. पंच तिला इतरांसारखीच धरत होते, याचा त्यांना आनंद झाला होता, हे मागाहून समजलं.

तो सामना आम्ही जिंकलो. बायकांत उभ्या असलेल्या मायला कुणीतरी विचारलं, "ती जाड आवाजाची कोणाची व?"

"माझीच हाय," माय म्हणाली. पदर सावरून, जरा मोठ्यानेच.

अंतिम सामना आम्ही हरलो. मी लवकर बाद झाले म्हणून धाकटी आठवडाभर माझ्याशी खुणांनीही बोलली नाही. पण जिल्ह्याच्या संघात निवडलेल्या पोरींत ती होती. आबा बाजारात ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला गाठून सांगत, "आमच्या धाकटीला जिल्ह्यानं नेलं."

पुढे तिचं लग्न झालं. दोन हजार सालानंतर जालन्यात एका निवासी शाळेत ती मदतनीस म्हणून लागली. तिथे ऐकू न येणारी मुलं होती, कुबड्या घेणारी होती, समजायला वेळ लागणारीही होती. सकाळचा व्यायाम घ्यायला कुणी नव्हतं, तो तिने आपणहून घेतला. पुढे शाळेनेच तो तास तिच्या नावावर केला.

मी एकदा बघायला गेले. कुबडीवाल्या मुलाला तिने भिंतीला टेकवून उभं केलं होतं आणि तो चेंडू इतक्या जोरात फेकत होता की झेलणारा मागे सरकत होता. एक मुलगी उडी मारायला घाबरत होती. धाकटीने जमिनीवर खडूची रेघ ओढली आणि तिचे दोन्ही हात धरून तिच्याबरोबर स्वतःच उडी मारली, मग एक हात सोडला, मग दुसराही. ओट्यावर कुणीही बसलेलं नव्हतं.

कौतुकाने बघत मी कडेला उभी होते. तिचं लक्ष गेलं. ती आली, माझ्या सुटलेल्या पोटावर एक चापट मारली आणि दंडाला धरून मला शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं. शेजारच्या पोराने मला हात किती वर करायचे ते दाखवलं.