जुनं हेल्मेट

गोदामात माझ्या स्टोअरच्या खिडकीवर पाटी आहे, ‘जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळणार नाही.’ अक्षर माझंच.

गेल्या महिन्यात हमाल दत्तूभाऊ नवं हेल्मेट मागायला आले. तुटलेलं घरी विसरले होते. “उद्या घेऊन या, मग देतो,” मी म्हणालो. ते उघड्या डोक्यानेच कामाला गेले. दुपारी वरच्या रॅकवरून खोकं पडलं आणि दत्तूभाऊ गेले. मी फक्त नियम वाचवला होता.

आज त्यांची बायको खिडकीशी आली. तिने पिशवीतून ते तुटक्या पट्ट्याचं हेल्मेट काढलं, घासून लख्ख केलेलं.

“जमा करून घ्या भाऊ. ह्यांच्या नावावर कंपनीची वस्तू राहायला नको.”

मी ते घेतलं. सवयीने हात मागच्या कपाटाकडे गेला आणि मी नवं हेल्मेट तिच्यापुढे ठेवलं.