लाइमावशींची पेटी

शेजारच्या लाइमावशी आजही जेवल्या नाहीत. मी नेलेली भाताची पेज त्यांनी माझ्यादेखत बदकांना घातली. मला झोप कशी लागावी?

भोंगा फिरून गेला तेव्हापासून हे चाललंय. एक तारखेच्या आत मरेल त्याला पुरायची मुभा, त्यानंतर सगळ्यांना जाळायचं आणि म्हाताऱ्यांनी घरोघरी करून ठेवलेल्या शवपेट्या सरकारी कचेरीत जमा करायच्या. जमीन वाचवायची आहे म्हणे! ऐंशीच्या बाईला मरायची मुदत घालून देतात, आणि ही बाई उपाशी राहून तीही पाळायला निघाली आहे.

जन्मभर त्या पाळतच आल्या. लग्न होऊन आल्या त्या साली सरकारच्या हुकमाने गावोगाव पोलादाच्या भट्ट्या पेटल्या होत्या. सरपणाला म्हणून त्यांच्या सासूबाईंची शवपेटी नेली. उचलायला लाइमावशींनीच हात लावला. पुढे दुष्काळात सासूबाई गेल्या, तेव्हा चटईत गुंडाळून पुरल्या. आपलं तसं होऊ नये, एवढंच मावशींचं मागणं. बदकं विकून विकून त्यांनी पेटी करवून घेतली. दरवर्षी तिला काळ्या रोगणाचा एक हात देतात, एरवी तीत रताळी ठेवतात.

माझा यीफान लहानपणी त्याच पेटीत लपायचा. मी शाळेत शिकवायला गेले की तो त्यांच्याकडेच असे. आता तो कचेरीत आहे. भोंग्यावरचा आवाज त्याचाच होता.

"आई, नियम सगळ्यांना सारखा," तो मला म्हणाला.

"तुझ्या साहेबाच्या बापाची संगमरवरी कबर आहे ना डोंगरावर? ती खणणार का?"

"हळू बोल गं!"

हळू बोल! तीन पिढ्या आम्ही हळूच बोलतोय.

आज संध्याकाळी मी मावशींवरही चिडले. "दोन घास खा ना हो!"

"अगं, उशीर झाला तर तुझा साहेब झालेला लेक जाळेल मला." त्या हसल्या. "लपायला बरी चालायची गं त्याला ही पेटी! झाकणात पळी अडकवून ठेवायचे मी, पोर गुदमरू नये म्हणून."

एक तारखेला पेट्या न्यायला येणाऱ्या गाडीवर यीफानच असणार. त्याआधी त्याने यावं, मावशींना स्वतःच्या हाताने भरवावं, आणि सांगावं, की ही पेटी मी उचलणार नाही. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. आई आहे मी, हे मलाही कळतं. पण ती पळी अडकवली नसती तर?

तो झोपला असेल. असू दे. फोन लावते, आणि हळू बोलणार नाही.