म्हादूचा ट्रे

प्रज्ञेश कचरू सोनवणे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण खांद्यावर लाल पंचा, मान जरा तिरकी, हातात ट्रे आणि "चहा टाऽऽकू का, बाईसाहेब?" एवढं म्हटलं की तुमचा चेहरा फुलेल. हां, तोच तो. साडेसातच्या मालिकेतला म्हादू. आता उगाच "आम्ही मालिका बघत नाही" असं सांगू नका. पुण्यात मालिका कुणीच बघत नाही, आणि तरी कोथरूडमध्ये प्रज्ञेशला धड भाजी घेता येत नाही. मेथीची जुडी हातात घेतली की भाजीवाली विचारते, "काय म्हादू, बाईसाहेबांना मेथी लागते वाटतं?" आणि मागे उभी असलेली चार माणसं हसतात. तोही हसतो. न हसून जातो कुठे?

खरं तर तो त्या मालिकेत धाकट्या दिराच्या भूमिकेसाठी गेला होता. धाकटा दीर वकील होता. प्रज्ञेशने कॉलेजच्या एकांकिकांमध्ये बक्षिसं घेतलेली, आवाज खणखणीत, उच्चार असे की परीक्षकांनी मुद्दाम उल्लेख करावा. वकिलाचं भाषण त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. दिग्दर्शकाने ऐकून घेतलं, सहायकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि म्हणाला, "छान. पण तुमच्या चेहऱ्यात ना, एक साधेपणा आहे. आपण घरातल्या गड्याचं करून बघू." बस्स. चेहऱ्यातला साधेपणा म्हणजे काय, ते कुणी उलगडून सांगितलं नाही. आपल्याकडे असलं काही कुणी बोलत नाही, फक्त भूमिका वाटताना बरोबर लक्षात ठेवतात. प्रज्ञेशला ते कळलं होतं. पण वय सत्तावीस, हातात काम नाही, आणि समोर रोज टीव्हीवर दिसायची संधी. तो म्हणाला, "चालेल सर." त्या एका "चालेल"ची किंमत तो अजून मोजतोय.

कारण घरी अण्णा होते. अण्णा म्हणजे त्याचे वडील, कचरू सोनवणे. एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल होतं, त्यावर ते बसायचे. आत घंटी वाजली की उठायचे, चहा आणायचे, पाहुण्यांसमोर ठेवायचे आणि परत स्टुलावर येऊन बसायचे. सगळी नोकरी अशी गेली. पण घरी त्यांचा एक कायदा होता, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती: आपल्या घरात कुणी कुणाला चहा आणून द्यायचा नाही. चहा झाला की कप ओट्यावर मांडायचे, आणि ज्याने त्याने येऊन आपला उचलायचा. बायकोने नवऱ्याला द्यायचा नाही, मुलाने बापाला द्यायचा नाही. घरी पाहुणा आला, मग तो व्याही असो नाहीतर नगरसेवक, त्यालाही अण्णा हाक मारायचे, "या, आत या, चहा तयार आहे, उचला." काही लोक रागवायचे. चंद्रभागाबाईंची, म्हणजे प्रज्ञेशच्या आईची, स्वतःची बहीण एकदा चहा न घेता तणतणत निघून गेली होती. अण्णा म्हणाले, "जाऊ दे. मी दिवसभर देतो, तेवढं पुरे आहे."

आता अशा माणसाचा मुलगा रोज संध्याकाळी अख्ख्या महाराष्ट्रासमोर ट्रे घेऊन उभा! अण्णा चिडले नाहीत, तेच वाईट झालं. मालिका लागायची तेव्हा ते टीव्हीसमोरच असायचे. म्हादू आला की उठून गॅलरीत जायचे, म्हादू गेला की परत यायचे. चंद्रभागाबाईंना काही विचारायचे नाहीत. प्रज्ञेशला तर नाहीच. आजारपणात मात्र एकदा, तो उशाशी बसलेला असताना, त्यांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "ट्रे सोडून कधी दिसशील का रे?"

"दिसेन अण्णा," तो म्हणाला. त्याला रडू आवरलं नाही.

अण्णा गेले. पुढे सहा महिन्यांत, बारा वर्षं चाललेली मालिकाही संपली, आणि प्रज्ञेशला वाटलं, सुटलो. कसला सुटतो! नंतर आलेल्या भूमिका अशा: एका चित्रपटात बंगल्यावरचा गडी, एका नाटकात हॉटेलातला पोऱ्या (चाळिशीत पोऱ्या!), आणि मसाल्याच्या जाहिरातीत पुन्हा म्हादू, फक्त पंचा हिरवा. लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन असलं की ट्रे घेऊन बोलावायचे. नाही म्हटलं की "अहो, तुमची ओळख आहे ती, अभिमान बाळगा" असं वर ऐकायचं. बायको, सोनाली, खराडीला एका आयटी कंपनीत होती म्हणून घर चाललं. ती म्हणायची, "सरळ नाही म्हण ना. व्हॉट इज द वर्स्ट? होऊन होऊन काय होईल?" तिला कसं सांगायचं की 'नाही' हा शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच त्याची मान तिरकी होते.

मग त्याने लिहायला घेतलं. अण्णांवर. पुस्तकाचं नाव 'बाहेरचं स्टूल'. दीड वर्ष सकाळी उठून लिहीत होता, आणि तेवढ्या वेळात आपण कुणी दुसरेच नाही, कचरूचा मुलगा आहोत, असं त्याला वाटायचं. त्यात म्हादू नव्हता, मालिका नव्हती, ट्रे होता तो अण्णांचा. चंद्रभागाबाईंना लिहिता वाचता बेताचंच यायचं, म्हणून तो रोजचं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या ऐकायच्या आणि "हां, असंच होतं" एवढंच म्हणायच्या. त्याला तेवढं पुष्कळ होतं.

नारायण पेठेतले प्रकाशक गोपाळकृष्ण आठल्ये यांनी पुस्तक घेतलं. बाकी प्रकाशकांनी फोनवरच विचारलं होतं, "मालिकेच्या गमतीजमती आहेत का?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला होता. आठल्यांनी मात्र पूर्ण वाचलं. डोळे पुसत म्हणाले, "सोनवणे, ग्रेट लिहिलंयत." तेव्हा प्रज्ञेशला हा माणूस देवासारखा वाटला. तीन महिन्यांनी मुखपृष्ठ आलं. स्टूल नव्हतं. लाल पंचा टाकलेला म्हादू होता, ट्रेसकट, आणि खाली ठळक अक्षरांत, 'तुमच्या लाडक्या म्हादूची कहाणी'. लेखकाचं नाव शोधायला चष्मा लागावा एवढं.

"आठल्ये साहेब, हे अण्णांचं पुस्तक आहे," प्रज्ञेश म्हणाला.

"अहो, आहेच ना! पण अण्णांना ओळखतं कोण? लोक म्हादूला घ्यायला येणार आणि अण्णांना घेऊन घरी जाणार. जरा धंद्याचंही बघायला नको का? आणि छापून झालंय हो सगळं."

नवीन लेखक, एकच प्रकाशक, छापून झालेलं पुस्तक. बोलतो काय? वर आठल्यांनी प्रकाशन समारंभाची कल्पना सांगितली: लेखक व्यासपीठावर आधी बसलेला नसेल. निवेदिका हाक मारेल, "म्हादू, पाहुणे आलेत!" मग तो विंगेतून ट्रे घेऊन येईल आणि पाहुण्यांना चहा देईल. "हशा, टाळ्या, आणि मग पुस्तक. बघाच तुम्ही, हॉल डोक्यावर घेतील." प्रज्ञेश म्हणाला, "बघू." आठल्ये म्हणाले, "बघू काय, ठरलं." आणि ठरलं.

आईला त्याने यातलं काही सांगितलं नाही. मुखपृष्ठावर स्टूल आहे, असंही खोटंच सांगितलं. चंद्रभागाबाई समारंभाची वाट बघत होत्या. "भाषणात त्यांचं पूर्ण नाव घे," एवढं त्यांनी चारदा बजावलं होतं.

रविवारी सकाळी हॉल भरला. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, नाहीतर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी घड्याळ दाखवायला कमी केलं नसतं. चंद्रभागाबाई सोनालीबरोबर पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत, मांडीवर अण्णांचा फ्रेम केलेला फोटो घेऊन. तो स्टेजवर ठेवायला देऊ असं त्यांच्या मनात होतं, पण मागितलाच नाही कुणी. प्रमुख पाहुणे होते एक निवृत्त सनदी अधिकारी. पुस्तक शिपायावर म्हणून साहेबच बोलावला, ही आठल्यांची हुशारी.

विंगेत प्रज्ञेश उभा. खांद्यावर पंचा, हातात ट्रे, ट्रेत तीन कप, एक साहेबांचा, एक आठल्यांचा, एक निवेदिकेचा. तिथून त्याला आई दिसत होती. ठेव ना रे तो ट्रे खाली! कुणी बंदूक लावलीय का डोक्याला? समोर खुर्ची होती रिकामी, तिच्यावर ठेवायचा, पंचा काढायचा आणि सरळ चालत जायचं. त्याने तसं ठरवलंही. ट्रे खुर्चीकडे नेलाही. तेवढ्यात निवेदिका, चैताली, लाडात ओरडली, "म्हादूऽऽ, पाहुणे आलेत!" आणि स्पीकरवर मालिकेची धून वाजली. त्याची मान आपोआप तिरकी झाली. पाय चालू लागले. तोंडातून निघालं, "चहा टाऽऽकू का, बाईसाहेब?"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. माणसं उभी राहून मोबाइल धरत होती. साहेबांनी शेजाऱ्याशी बोलता बोलता, त्याच्याकडे न बघताच, कपासाठी हात पुढे केला. सवयीचा हात होता तो. हा हात प्रज्ञेशने पुस्तकात लिहिला होता, अगदी असाच, चौथ्या प्रकरणात.

तो वाकला, आणि कुणीतरी ट्रे धरला. आई. पायऱ्या चढून त्या वर कधी आल्या, ते त्याला कळलंच नाही.

"सोड," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्याने सोडला. त्यांनी ट्रे नेऊन टेबलावर ठेवला आणि साहेबांकडे बघून, चांगलं खणखणीत, माइकला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चहा तिथे ठेवलाय. ज्यानं त्यानं उठून आपला उचलावा. आमच्या घरची रीत आहे ती. माझ्या मालकांनी घालून दिलेली."

प्रज्ञेशला वाटलं, झालं, आईने दार उघडलं, आता आपण म्हादूतून बाहेर.

आणि मग टाळ्या. मघापेक्षा दुप्पट. साहेब दिलखुलास हसले, "वा वा, उचलतो हं, उचलतो!" म्हणत उठले, कप हातात घेऊन कॅमेऱ्याकडे वळले. आठल्येही कप घेऊन उभे राहिले. चैताली माइकवर म्हणाली, "आणि ह्या होत्या म्हादूच्या आई! काय एंट्री घेतली ना!" मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं.

चंद्रभागाबाईंनी मुलाकडे बघितलं. "हे हसतायत कशाला रे?"

"त्यांना वाटतंय, आपण बसवलंय हे."

"पण मी खरं बोलले."

"हो आई."

त्या खाली उतरल्या आणि फोटो उलटा करून मांडीवर घेऊन बसल्या. प्रज्ञेशने मग भाषण केलं, अण्णांचं पूर्ण नाव घेतलं, स्टुलाचा उतारा वाचला. लोक चेहऱ्यावर हसू तयार ठेवून बसले होते, आणि घंटीचा उल्लेख आला तिथे हसलेही. पुस्तकं भराभर संपली. एका मुलीला त्याने स्वतःच्या नावाने सही करून दिली तर तिने प्रत परत पुढे केली, "सॉरी, म्हादू असं लिहाल का? आजीसाठी आहे." त्याने लिहिलं.

निघताना आठल्ये गाडीपर्यंत आले. आनंदाने माणूस घामाघूम झाला होता. "काकू, काय टायमिंग तुमचं! पंधरा दिवसांनी नाशिकला आहे कार्यक्रम. सेम टू सेम करायचं. तुम्हालाही घेऊन जाऊ. सोनवणे, काय म्हणता?"

"कळवतो," प्रज्ञेश म्हणाला.

घरी आल्यावर सोनाली कपडे बदलायला गेली. चंद्रभागाबाईंनी आधी फोटो भिंतीवर होता तिथे टांगला आणि मग चहा ठेवला. चहा गाळून त्यांनी कप ओट्यावर मांडले, हाक मारली, "झालाय," आणि बाहेर येऊन पंख्याखाली बसल्या. दमल्या होत्या.

प्रज्ञेश आत गेला. डोक्यात नाशिक होतं. आठल्यांना काय सांगायचं, कसं सांगायचं, याची वाक्यं तो जुळवत होता. बाहेर येऊन तो आईसमोर उभा राहिला, आणि चंद्रभागाबाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. तेव्हा त्यानेही बघितलं.

दोन कप होते. एका बशीत त्याचा, दुसऱ्या बशीत आईचा. तो जरा वाकलेला होता आणि त्याची मान तिरकी होती.

"ठेव परत," त्या हळूच म्हणाल्या.

त्याने आईचा कप ओट्यावर नेऊन ठेवला. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत आल्या, आपला कप आपण उचलला आणि तिथेच उभ्या राहून एक घोट घेतला. मग त्यांना भरून आलं.

"त्यांना साठाव्या वर्षी सोडलं होतं रे सरकारने," त्या म्हणाल्या. "तुला कोण सोडणार?"