तहानेची पट्टी

कुलरला नवा वाळा लावला की त्या ओल्या वासानं मला अकोल्याच्या घरातली एक दुपार आठवते आणि डोकं आजही तापतं. मे महिना होता आणि बऱ्याच दिवसांनी नळ आला होता. नळ आला की आमच्याकडे आधी भांडी भरायची, प्यायचं मग. आई आणि मी अंगणात उन्हात पाण्याचे पितळी गुंड भरत होतो आणि माझा मोठा भाऊ आत कुलरसमोर मोबाईलवर जंगलात जगायचा गेम खेळत होता. एकाएकी तो ओरडला, "पाणी! मरून राहिलो मी!" आई तांब्या घेऊन आत धावली. "काय झालं रे, चक्कर आली का तुले?" मान वर न करता तो म्हणाला, "मले नाही वं, गेममधल्या माणसाले. उन्हात चाललं का तहानेची पट्टी लवकर उतरते, भुकेची हळू." आई चौकट धरून उभी होती, ओठ सुकलेले. मी किंचाळले, "हिची पट्टी पाह्य आधी!" "थांब, नदी सापडली," तो खुशीत म्हणाला. आई कौतुकानं हसली, तांब्या त्याच्याजवळ ठेवून तशीच नळावर गेली. भावाला मी कधीच माफ केलं. आईच्या त्या हसण्याचा राग मात्र अजून जात नाही.