बाईंनी नापास केलेले सँडर

पहिला सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, बाईंनी अर्ध्या मिनिटात नापास केला. दुसरा सुरू झाल्या झाल्या हात वर करून थांबवला. तिसरा मी पिशवीतून काढत होतो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "काढा, काढा. आलायसाच तर ह्योबी दावा."

मी सांगलीत पॉवर टूल्सच्या एका दुकानात डेमोवाला आहे. डेमोवाला म्हणजे गिऱ्हाइकासमोर मशीन चालवून दाखवणारा. मला विचाराल तर ही नटाचीच नोकरी आहे. गॉगल चढवायचा, स्विच दाबायचा, फळीवरून हळुवार हात फिरवायचा आणि "वा!" गिऱ्हाइकाच्या तोंडून काढून घ्यायचा. वीस वर्षांत मी हजारो "वा" मिळवले आहेत. त्या दिवशी माण तालुक्यातल्या त्या शाळेच्या मैदानावर एकही मिळेना.

घासायचा होता मल्लखांब. सागाचा, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला, जमिनीत पक्का रोवलेला. या गावात मुली मल्लखांब करतात आणि त्यांना शिकवतात बाई. बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका. वय पन्नाशीच्या पुढे, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, तेसुद्धा त्यांना बाईच म्हणतात. आणि बोलावल्यावर किंचित सावधानमध्ये उभे राहतात.

घोटाळा असा झाला होता. खांब वर्षानुवर्षं उघड्यावर. माणच्या उन्हानं त्याला बारीक चिरा पडल्या. बाईंची सगळ्यात तयार मुलगी सानिका, खांबावरून उतरताना तिच्या मांडीत लाकडाची कूस घुसली. चांगली बोटभर. दुसऱ्या दिवशी सानिकाची आई शाळेत आली आणि म्हणाली, "खांब गुळगुळीत झाल्याबिगर माझी पोरगी त्याला हात लावणार न्हाई." तिचं ऐकून बाकीच्या आयांनीही मुली थांबवल्या. जिल्ह्याची निवड चाचणी बारा दिवसांवर आलेली. नवा खांब आणायचा तर तसा वाळलेला साग इतक्या लवकर मिळत नाही. बाईंचा सगळा संघ घरी बसून होता.

बायकोची ही अडचण सुभेदारांना बघवेना. बाई मीटिंगला दहिवडीला गेल्या, तेवढ्यात त्यांनी घरातला ग्राइंडर आणला. हा लोखंड कापायचा. त्याला घासायची चकती लावली आणि खांबावर चालवला. ग्राइंडरचा वेग इतका असतो की हात थबकला तिथे खळगा पडतो. सुभेदारांचा हात एकवीस ठिकाणी थबकला होता. बाईंनी मोजले होते.

"सरप्राइज द्यायचं होतं," सुभेदार मला म्हणाले.

"दिलं की," बाई म्हणाल्या.

तर असा तो खांब, आणि त्यासाठी सँडर दाखवा म्हणून आमच्या दुकानाला बोलावणं आलेलं. आधी मी चिरा तपासल्या. खोल चीर असती तर मीच सांगितलं असतं की या खांबाचा नाद सोडा. पण सगळ्या वरवरच्या होत्या. मी खूश झालो आणि पहिलं मशीन काढलं.

पहिला होता रँडम ऑर्बिटल सँडर. याची तबकडी गोल असते. ती फिरते आणि फिरता फिरता थरथरते, त्यामुळे लाकडावर रेघा उठत नाहीत. टेबल, दारं, कपाटं, सगळ्यांना उत्तम. मी ऐंशी नंबरचा सँडपेपर लावला. नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत. मोठ्या झोकात सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात कागदाचा चिखल झाला. मल्लखांबाला एरंडेल चोळतात हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं चोळलेलं एरंडेल लाकडात किती मुरलेलं असतं, हे ठाऊक नव्हतं. तेल आणि भुसा मिळून कागदावर पिठल्यासारखा थर बसला.

बाईंनी बाही वर केली. डोळे मिटले. हाताची आतली बाजू, जिथली कातडी अगदी मऊ असते, ती खांबावर टेकवून वरून खाली आणली.

"चपटा केलायसा," त्या म्हणाल्या. "हितं, आणि हितं."

मी वाकून पाहिलं. मला काही दिसेना. मग तिरप्या उन्हात पाहिलं आणि दिसलं. सपाट तबकडी गोल खांबाला अगदी अरुंद पट्टीत टेकते. तेवढीच पट्टी घासली जाते आणि गोल खांब तिथे चपटा होतो. वीस वर्षं सरावलेल्या माझ्या डोळ्याला जे दिसलं नाही, ते या बाईंच्या मनगटाला डोळे मिटून दिसलं. मी मनातल्या मनात टोपी काढली.

दुसरा बेल्ट सँडर. दोन रोलरवर सँडपेपरचा पट्टा फिरतो आणि मशीन लाकूड खात पुढे जातं. ते बघून सुभेदारांचा चेहरा उजळला.

"रणगाडाच की हो ह्यो!"

"म्हणूनच नको," बाई म्हणाल्या आणि हात वर केला. मी लगेच बंद केला. बाविसावा खळगा थोडक्यात टळला.

तिसरा पहिल्यासारखाच, पण त्याला मी फोमची मऊ गादी लावली. ही गादी आकाराप्रमाणे दबते. खांब आता चपटा होईना. पण गादी जिथे खळगा होता तिथे आत उतरली आणि खळगाच गुळगुळीत करून बाहेर आली.

बाईंनी हात फिरवला. "खड्डा पॉलिश झाला," त्या म्हणाल्या. "बाकी काय न्हाई."

मी मशीन खाली ठेवलं. डेमोवाल्याच्या आयुष्यात अशी वेळ येते तेव्हा तो पाणी मागतो. मी पाणी मागितलं.

बाई मात्र खांबाशीच उभ्या होत्या. मग त्यांनी एक गोष्ट केली. बूट काढले, दोन पावलं पुढे गेल्या आणि खांबाला सरळ मिठी मारली. दोन्ही हात, छाती, गाल, एक पाय.

"हे बगा," त्या खांबाआडून म्हणाल्या. "पोरगी खांबाला अशी धरती. दंड लागतोय, पोट लागतंय, मांडी लागती. तुमची मशिनं खांबाला नुसती टेकत्यात. मिठी मारणारं एकबी न्हाई."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मिठी मारणारं मशीन आमच्याकडे होतं! पण ते लाकडाच्या विभागात नव्हतं. ते मागच्या गोडाउनमध्ये, फॅब्रिकेशनवाल्यांच्या रॅकवर होतं. पाइप पॉलिश मशीन. जिन्याचे स्टीलचे रेलिंग चकचकीत करायला वापरतात. याचाही पट्टाच असतो, पण लांब आणि सैल. पाइपला टेकवला की पट्टा त्याला अर्ध्याहून जास्त कवेत घेतो. आम्ही हे मशीन लाकडाच्या गिऱ्हाइकाला कधी दाखवलंच नव्हतं. का? तर ते लोखंडाच्या रॅकवर होतं म्हणून.

मी मालकांना फोन लावला. आमचे मालक अण्णा. वय सत्तर. घराणं मूळचं हळदीच्या व्यापारातलं, पण अण्णांनी अवजारांचं दुकान काढलं.

"अण्णा, पाइप पॉलिश मशीन पाठवा. नव्या पट्ट्यांसकट. ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी."

"कशाला?"

"मल्लखांबाला."



"मगदूम, ऊन लागलंय काय तुला?"

"खांब गोल आहे अण्णा. पाइपसारखाच गोल आहे."

"आरं, पण लाकडाचा हाय न्हवं? ते मशीन लाकडावर चालवायचं म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"बाईंनी."

"त्या इंजिनिअर हायत काय?"

"त्यांनी आत्ता खांबाला मिठी मारून दाखवली."

अण्णांनी फोन ठेवला. मी समजलो, नोकरी गेली.

मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार की नाही हे ठाऊक नव्हतं, पण दुपार मोकळी होती. एरंडेल मुरलेला वरचा थर आधी उतरवायला हवा होता, नाहीतर कोणताही पट्टा पुन्हा चिखलाने भरला असता. जुने सुतार हे काम काचेच्या तुकड्याने करतात. ताज्या फुटलेल्या काचेची धार लाकडाचा पापुद्रा अलगद सोलते. बाईंनी मला आणि सुभेदारांना एकेक तुकडा दिला.

"आजपास्नं तुमाला बिनविजेचं काम," त्या यजमानांना म्हणाल्या.

 सुभेदारांनी फडक्यात काच धरली आणि ते कामाला लागले. मला वाटलं होतं अर्ध्या तासात कंटाळतील. या माणसानं चार तास मान वर केली नाही. वरून खाली, एकसारखी ओढ, एकही रेघ चुकवली नाही. खळग्यांच्या कडा त्यांनी जवळपास जुळवून आणल्या. माझी बाजू त्यांच्या बाजूशेजारी बघताना मला लाज वाटली. माझ्या बाजूवर त्यांनी न विचारता पुन्हा हात मारला.

दुसऱ्या दिवशी नऊला शाळेच्या फाटकात अण्णांची गाडी. अण्णा स्वतः आले होते. मशीन पिशवीत घालून मांडीवर धरलेलं.

"मशीनवर विश्वास हाय माझा," उतरता उतरता म्हणाले. "तुझ्यावर न्हाई."

मी नवा पट्टा चढवला. स्टीलवर चाललेला पट्टा लाकूड काळं करतो, म्हणून नवाच हवा. वेगाची चकती अगदी खाली आणली, कारण वेगानं लाकूड तापलं की आत उरलेलं तेल पुन्हा वर येतं. खांबाला पट्टा टेकवला. पट्ट्यानं त्याला कवेत घेतलं आणि खळग्यांच्या उरल्यासुरल्या कडाही मिसळून जाऊ लागल्या. भुसा उडू लागला, कोरडा, पिवळसर. चिखल नाही. मशीन मी वर-खाली नेत होतो आणि खांबाभोवती फिरत होतो. ऐंशीनंतर एकशेवीस, मग एकशेऐंशी. त्यापुढे बाईंनी जाऊ दिलं नाही. "काच नका करू," म्हणाल्या. "पोरीला पकड घावली पायजे."

दुपारपर्यंत खांब तयार. बाईंनी बाही वर केली, डोळे मिटले, हात फिरवला. एकदा, दोनदा. डोळे उघडले.

"पास," त्या म्हणाल्या.

मी वाकून नमस्कार केला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. पण पास करणारी खरी परीक्षक अजून यायची होती.

सानिकाची आई आली ती शेळ्या शेजारणीच्या हवाली करून. मागे सानिका, मांडीवर पट्टी. आईने कुणाकडे बघितलं नाही. खांबापाशी गेली, नायलॉनच्या साडीचा पदर खांबाभोवती घेतला, दोन्ही टोकं हातात धरली आणि हात पुरेल तिथून खाली ओढत आणला. पदर सरसर खाली आला. छातीपर्यंत, कमरेपर्यंत. गुडघ्याच्या उंचीवर अडकला. एक धागा निघाला.

 बाईंचा चेहरा पडला. त्यांच्या हातातून ती जागा सुटली होती, माझ्या तर सुटलीच होती.

"हितं हाय," आई म्हणाली. "पोरीला हितंच लागलं हुतं."

मी खाली बसलो. चिरेच्या कडेला एक कूस केसाइतकी वर आली होती. पट्टा पुन्हा लावला, ती जागा आणि आजूबाजूची वीतभर काढली. आईने पदर परत घेतला. याही वेळी सुरुवात वरून. कंबर, मांडी, गुडघा. पदर थेट मातीपर्यंत आला. तिनं खांबाच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.

"माझ्या हातापरीस तुझा पदर बरा, गं," बाई म्हणाल्या. आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

आईने सानिकाकडे बघितलं. "पट्टी निघंस्तवर नुसती चढायची. उड्या न्हाईत." एवढंच. पण मागे कुंपणाशी उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींना तेवढं पुरलं. चपला तिथेच टाकून त्या धावल्या.

सानिका खांबावर गेली तो वेळ मला शब्दांत मांडता येणार नाही. ती चढली असं मला दिसलंच नाही. ती खाली होती आणि मग वर होती. वर बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकाच्या गोळ्यावर, हात टेकून तिनं मांडी घातली आणि आमच्याकडे पाहिलं. अण्णांनी दुकानातला हिशेब बघावा तसं गंभीर तोंड करून वर पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "ह्याला म्हणत्यात डेमो."

चाचणी झाली. बाईंचा फोन आला. सानिका निवडली गेली. संघातल्या आणखी दोघी थोडक्यात राहिल्या, त्यांच्याबद्दल बाई जास्त वेळ बोलल्या.

मशीन बाईंनी विकत घेतलं नाही. "खांब झाला की," त्या म्हणाल्या, "आता मशीन घिऊन काय करू?" त्या दिवशी परतीच्या वाटेवर विट्यापर्यंत अण्णा मशीन मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, रागावलेत. सांगलीत पोचल्यावर त्यांनी ते मशीन उचललं आणि स्वतःच्या हाताने लाकडाच्या विभागात, दर्शनी रॅकवर ठेवलं.

सँडर घ्यायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा. काय घासायचंय, सपाट आहे की गोल, आत तेल मुरलंय का, हे आधी बघा. मग त्याला कुणाचं अंग लागणार आहे ते बघा. मशीनचे वॉट सगळ्यात शेवटी. आणि काम गुळगुळीत झालं का, हे सँडर विकणाऱ्याला कधीही विचारू नका.