सासूबाईंच्या डबीतली काळपट पूड

गेल्या आठवड्यात मी माझ्याच सासूबाईंच्या मागे चोरपावलांनी गच्चीवर गेले... सातव्या महिन्याचं पोट सांभाळत.

त्या माझ्यासाठी कळवणहून नाशिकला राहायला आल्या, त्याला महिना झाला. पहिल्याच दिवशी त्यांच्या पिशवीत एक छोटी डबी दिसली. आत काळपट पूड. विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय, दातांचं औषध हाय." आणि डबी लगेच पदराआड.

दातांचं औषध लपवायचं कशाला? त्यात मी शिकवते त्या शाळेतल्या एका टीचरने सांगितलं, की मुलगा व्हावा म्हणून तिच्या बहिणीला सासरचे न सांगता कसलंसं चूर्ण देत होते... झालं. सासूबाई रोज सकाळी दूध द्यायच्या, ते मी गुपचूप बेसिनमध्ये ओतायला लागले. नवरा म्हणाला, "आई असं काही करणार नाही." मी मान हलवली आणि ओतत राहिले.

मग मी पाळतच ठेवली. रोज सहाला त्या डबी घेऊन वर जायच्या. खाली आल्या की साबणाने हात धुवायच्या, दोन-तीनदा चूळ भरायच्या, मगच स्वयंपाकघरात शिरायच्या. मला वाटायचं, पुरावा धुतायत.

त्या दिवशी वर पोचले, तर त्या पाण्याच्या टाकीपाशी उकिडव्या बसून बोटाने ती पूड हिरड्यांना घासत होत्या. मिसरी... भाजलेल्या तंबाखूची.

"मागं सर, वास येतोय," एवढंच म्हणाल्या.

मी पायरीवरच बसले. चूळ भरून त्याही बसल्या, पण हातभर लांब. "तुझ्या तपासणीला आले तवा डॉक्टरीणबाई बोलल्या ना, मिसरीबी तंबाखूच, पोटातलं बाळ बारीक राहतं... तवापासून माझं मन थाऱ्यावर नाय."

मग त्यांनी सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. अगदी बारीक. आठ दिवस जगली.

"दिवसातून चारदा लावायची मी. बाया म्हणायच्या, मळमळ थांबती. त्यानंच गेली का, आता कोण सांगणार? पण मला तवा कुणी सांगितलंच नाय गं."

मला राहवेना. दूध ओतून टाकत होते, आणि का, तेही सांगून टाकलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. "ठावं हाय. बेसिनला वास यायचा. म्हटलं, जात नसंल तुला."

आपल्याला एक बहीण होती, हे माझ्या नवऱ्याला चौतीस वर्षांत माहीत नव्हतं. संध्याकाळी तो आईजवळ बराच वेळ बसून होता. मिसरी कशी सोडायची, हे विचारायला सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे जातोय.

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. "लिही. एखादी पोटुशी वाचंल."

तुमच्या ओळखीत मिसरी लावणारी कुणी असेल, तर तिला नक्की सांगा... रागावून नको, शेजारी बसून.