जातेवालीचं घर

हट्टा गावाच्या बाजूला एका खेड्यात जातेवालीचं घर होतं. निजामाच्या राजवटीतली ही गोष्ट. मी तेव्हा परकर नेसून हुंदडायच्या वयाची. कुण्या एका दुष्काळात त्या घरची बाई आपल्या कणगीतली ज्वारी दळून गावाला भाकरी घालत राहिली आणि जात्यावरच गेली, असं सांगत. मागं कुणी उरलं नाही. गावानं घर मोडलं नाही, की तिथं देवही बसवला नाही. चूल, रवी, जातं, सगळं होतं तिथंच ठेवलं, आणि चैत्रात आसपासची माणसं गाड्या जुंपून लेकराबाळांसह तिथं यायची.

देवळात कशाला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा, इथं उलटं. घर राखणारा म्हातारा दारातच ओरडायचा, "हात लावा रे लेकराहो! हात लागला तरच घर जितं ऱ्हाईल." मग काय, आम्हाला रान मोकळं. कुणी रवीची दोरी ओढतंय, कुणी पांढऱ्या मातीनं भिंत पोतारतंय, कुणी सारवता सारवता दुसऱ्याच्या तोंडाला शेण फासतंय. मला ते घर फार आवडायचं, आणि त्याची भीतीही वाटायची.

भीती जात्याची. दोघींनी समोरासमोर बसून खुंटा धरायचा, ही घरोघरची रीत. इथं मात्र एकटीनंच बसायचं आणि समोरची जागा रिकामी ठेवायची. आपल्या घरातलं गेलेलं माणूस तिथं येऊन बसतं, हात लावतं, आणि जातं हलकं होतं, असा समज. बायका डोळे मिटून दळायच्या, मध्येच "आली गं माझी सासू" म्हणून रडायच्या. त्या सासूनं जिवंतपणी कधी हात लावला होता की नाही, कोण जाणे. दगड झिजला की जातं हलकंच फिरणार, हे मला आज कळतं. तेव्हा त्या रिकाम्या जागेकडं बघायचं धाडस होत नसे.

त्या वर्षी आम्ही गेलो ते मायसाठी. माझी धाकटी बहीण देवीच्या साथीत गेली होती. तेव्हापासून मायनं बोलणं टाकलं होतं, अन्न टाकलं होतं. भाकरीचा तुकडा हातात धरून बसायची आणि तसाच कावळ्यांना घालायची. 'ही पण हातची जाईल,' असं वडील चुलत्यांना सांगताना मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून माय डोळ्यांआड झाली की मी तिला शोधत धावायची.

माय जात्याशी बसली. मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. जातं अडत होतं, ती दोन्ही हातांनी ओढत होती, कपाळावरून घाम निथळत होता. भोवतालच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. पोटात अन्न नसलेल्या बाईला जातं जड लागणारच; पण तिथं त्याचा अर्थ एकच होता, कुणी आलं नाही.

वडील पुढं झाले. "ऊठ आता. उगं तकलीफ करून घेऊ नको."

माय हसली. कितीतरी महिन्यांनी.

"जड हाय," ती म्हणाली. "काहून उठू? बारकीच बसून राहिली नं समोर. ती कवा हात लावायची? खुंट्याला निस्ती लोंबकळायची. व्हय गं बाई, लोंबकळ."

मला मायजवळ जायचं होतं. धावताना माझा पाय त्या रिकाम्या जागेत पडला, तशी माय किंचाळली, "सरक तिथून! तिच्या अंगावर पडशील!"

त्या पिठाची भाकर मायनं खाल्ली. पुढं रोज खाऊ लागली, बोलू लागली, जगली. वडिलांनी पुढच्या चैत्रात त्या घराला नवी रवी वाहिली.

आमच्या घरी पहाटे मायसमोर मी दळायला बसू लागले. मी जोर लावला, जातं भराभरा फिरलं, की तिचा चेहरा उतरायचा. "हलकं झालं," म्हणून ती हातच थांबवायची. मग मी जोर न लावायला शिकले. खुंट्यावर अंगाचा भार टाकून नुसती बसायची. जातं जड व्हायचं आणि माय माझ्याकडं बघून हसायची. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, हे मला कळायचं. तरी सासरी जाईपर्यंत मी रोज भार टाकत राहिले.